बारावीनंतर एकत्र बी.ए.-बी.एड.: माध्यमिक शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावी झालेली आणि पुढे हायस्कूलला शिकवायचं मनात असलेली मुलं, आणि त्यांच्याहून जास्त त्यांचे आईवडील, सतत जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. उत्तरं माध्यमिक स्तराच्या बी.ए.-बी.एड.पुरती आहेत. बी.एस्सी. आणि बी.कॉम.वाल्यांनाही प्रवेश आणि नोकरीबद्दलचा बराच भाग उपयोगी पडेल. परीक्षेच्या तारखा आणि शुल्क दरवर्षी बदलतात, म्हणून ते इथे दिलेले नाहीत. त्या त्या वर्षीचं माहितीपत्रक पाहावं.

१. आयटीईपी, आयटीईपी म्हणतात ते नेमकं काय आहे?

बारावीनंतर चार वर्षांचा, आठ सत्रांचा एकात्मिक शिक्षक शिक्षण अभ्यासक्रम. शेवटी हातात बी.ए.-बी.एड. ही एकच पदवी येते, पण तिच्यात दोन मुख्य विषय असतात: एक तुम्ही निवडलेला (मराठी, इतिहास, भूगोल, इंग्रजी वगैरे) आणि दुसरा शिक्षणशास्त्र. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीटीईने, ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याची अधिसूचना काढली आणि २०२३-२४ पासून निवडक संस्थांमध्ये तो प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला. एका तुकडीत ५० विद्यार्थी असतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटलं आहे की २०३० पर्यंत शाळेत शिकवण्यासाठी किमान पात्रता हीच चार वर्षांची पदवी असावी.

कल्पना मात्र जुनी आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एनसीईआरटीच्या, अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर इथल्या प्रादेशिक शिक्षण संस्था १९६० च्या दशकापासून विषय आणि अध्यापन एकत्र शिकवत आल्या आहेत. महाराष्ट्र आणि गोवा भोपाळच्या संस्थेच्या क्षेत्रात येतात.

२. बी.ए.ची तीन अधिक बी.एड.ची दोन अशी पाच वर्षं, इथे चारच. एक वर्ष वाचतं, एवढाच फायदा ना?

पालक बहुधा इथूनच सुरुवात करतात आणि हिशेब बरोबर आहे. पण फक्त त्या एका वर्षासाठी हा अभ्यासक्रम घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

खरा फायदा असा की विषय शिकत असतानाच तो शिकवायचा कसा याचा विचार सुरू होतो. एक उदाहरण घ्या. नववीच्या वर्गात महाराष्ट्रातल्या १९७२ च्या दुष्काळाचा विषय निघतो. मागच्या बाकावरचा एखादा मुलगा म्हणतो, "आमची आजी तेव्हा खडी फोडायला जायची, मिलो खायची." जो शिक्षक फक्त पाठ्यपुस्तक वाचून आला आहे तो "हो का, बस खाली" म्हणून पुढे जातो. ज्याने विषय नीट केला आहे त्याला माहीत असतं की मिलो म्हणजे रेशनवर आलेली अमेरिकेतली तांबडी ज्वारी, आणि त्या दुष्काळी कामांच्या अनुभवातूनच राज्याचा रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. तो त्या मुलाला उभं करतो, आजीला आणखी काय काय आठवतं ते विचारून यायला सांगतो आणि दुसऱ्या दिवशीचा तास तिथूनच सुरू करतो. यातली माहिती बी.ए.ची आणि मुलाला उभं करण्याची समज बी.एड.ची. चार वर्षांत या दोन्ही गोष्टी एकमेकींत मुरतात. बी.ए. संपवून बी.एड.ला आलेल्या बऱ्याच मुलांचा विषय तोवर मागे पडलेला असतो.

उलट बाजूही सांगते. अठराव्या वर्षी तुम्हाला शिक्षकच व्हायचं आहे याची बऱ्यापैकी खात्री नसेल तर साधं बी.ए. करा, चांगलं करा आणि मग ठरवा. त्यात कमीपणा काहीच नाही.

३. पात्रता काय? सायन्स किंवा कॉमर्सच्या मुलाला बी.ए.-बी.एड. घेता येतं का?

बारावीला किमान ५० टक्के गुण हवेत. राखीव प्रवर्गांना नियमाप्रमाणे सवलत असते. शाखा बदलून कला विषयाकडे येणारी मुलं असतात. मात्र कोणत्या मुख्य विषयासाठी प्रवेश परीक्षेत कोणते विषय दिलेले असावेत, हे प्रत्येक विद्यापीठ आपल्या माहितीपत्रकात सांगतं. अर्ज भरण्याआधी ते वाचा. परीक्षा होऊन गेल्यावर विषय बदलता येत नाहीत.

४. प्रवेश परीक्षा कोणती? एनसीईटी की राज्याची सीईटी?

आयटीईपीसाठी एनसीईटी. ही राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा राष्ट्रीय चाचणी संस्था (एनटीए) घेते, २०२३ पासून. केंद्रीय विद्यापीठं, भोपाळसारख्या प्रादेशिक शिक्षण संस्था आणि आयटीईपी मिळालेली इतर महाविद्यालयं याच गुणांवर प्रवेश देतात.

महाराष्ट्रात याखेरीज राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची चार वर्षांच्या बी.ए./बी.एस्सी.-बी.एड.साठी वेगळी सीईटी आहे. ती राज्यातल्या महाविद्यालयांमधल्या जुन्या धर्तीच्या एकात्मिक अभ्यासक्रमासाठी सुरू झाली. तुम्हाला हव्या असलेल्या महाविद्यालयात नेमका कोणता अभ्यासक्रम आहे, यावर कोणती परीक्षा द्यायची ते ठरतं (प्रश्न ९ पाहा). दोन्ही अर्ज भरून ठेवणारी मुलं शहाणी.

आणखी एक. बी.एड. सीईटी, जिच्यासोबत इंग्रजीची ईएलसीटी असते, ती पदवीनंतरच्या दोन वर्षांच्या बी.एड.साठी आहे. बारावीच्या मुलाने ती भरायची नाही. दर वर्षी कुणीतरी चुकून भरतंच.

५. एनसीईटी मराठीतून देता येते का? पेपर कसा असतो?

देता येते. परीक्षा मराठीसह १३ भाषांत होते. वेळ तीन तास, सोडवायचे प्रश्न १६०: दोन भाषांचे प्रत्येकी २०, तीन विषयांचे प्रत्येकी २५, सामान्य ज्ञान-तर्क-गणिताच्या सामान्य चाचणीचे २५ आणि अध्यापन अभियोग्यतेचे २०. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा.

विषयांच्या भागाला बारावीची पुस्तकं पुरतात, पण ती एनसीईआरटीची. राज्य मंडळातून आलेल्या मुलांनी अकरावी-बारावीची एनसीईआरटीची पुस्तकं एकदा तरी शांतपणे वाचून काढावीत. इतिहास आणि राज्यशास्त्रात फरक चांगलाच जाणवतो. अभियोग्यतेच्या प्रश्नांसाठी वेगळा क्लास लावण्याची गरज नाही. वर्गातला एखादा प्रसंग देऊन शिक्षक म्हणून तुम्ही काय कराल, असंच बहुतेक विचारलेलं असतं.

परीक्षा मराठीतून दिली म्हणजे पुढची चार वर्षंही मराठीतून शिकता येईल असं नाही. भोपाळला वर्गात इंग्रजी आणि हिंदी चालते. गडचिरोली किंवा नंदुरबारहून जाणाऱ्या मुलाने हे आधी लक्षात घ्यावं. घाबरून जाऊ नये, पण तयारी करून जावं.

६. मुख्य विषय कोणता घेऊ?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. अभ्यासक्रम निवडताना मुलं आणि पालक महाविद्यालय, अंतर, वसतिगृह, शुल्क सगळं पाहतात आणि विषय शेवटच्या दिवशी, जिथे जागा उरली तिथे घेतात. पुढे तीस वर्षं तुम्हाला तोच विषय शिकवायचा असतो.

पहिली कसोटी आवडीची. सुट्टीत, कुणी सांगितलेलं नसताना, तुम्ही कोणत्या विषयाचं पुस्तक उघडता? दुसरी कसोटी शाळेच्या वेळापत्रकाची. राज्य मंडळाच्या नववी-दहावीला भाषा, इतिहास व राज्यशास्त्र आणि भूगोल शिकवतात. मानसशास्त्र, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र हे विषय सुंदर आहेत, पण नववी-दहावीला त्यांचा तास नसतो, म्हणून तिथे त्यांचं पदही नसतं. ते घ्यायचेच असतील तर अकरावी-बारावीला शिकवायचं आणि त्यासाठी एम.ए. करायचंच, हे मनाशी ठरवून घ्या (प्रश्न १६).

केंद्रीय विद्यालयात जायचं असेल तर त्यांचे नियम आजच वाचा. तिथे सामाजिक शास्त्रांच्या प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाला इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र यांतले दोन विषय पदवीला लागतात, आणि त्या दोनांतला एक इतिहास किंवा भूगोल असावाच लागतो. राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र अशी जोडी घेतलेला हुशार मुलगा तिथे अपात्र ठरतो. इंग्रजीच्या पदासाठीही पदवीच्या सगळ्या वर्षांना इंग्रजी विषय असावा लागतो. फक्त अनिवार्य इंग्रजीचा एखादा पेपर दिलेला असून भागत नाही. म्हणून दुय्यम विषय निवडतानाही ही यादी समोर असू द्या.

मराठीबद्दल खास सांगावंसं वाटतं. "मराठी घेऊन काय होणार?" हा प्रश्न मराठी घरातूनच येतो. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांना पहिली ते दहावी मराठी शिकवणं सक्तीचं आहे, इंग्रजी माध्यमाच्या आणि केंद्रीय मंडळाच्या शाळांनाही. त्या शाळांना मराठी नुसती बोलता येणारा शिक्षक पुरत नाही. जिच्या घरी मराठी बोलली जात नाही अशा मुलीला ती शिकवता येईल असा शिक्षक लागतो. हे काम अवघड आहे आणि त्यासाठी तयार झालेली माणसं थोडी आहेत. मराठीवर प्रेम असेल तर निःशंकपणे घ्या.

७. चार वर्षांत बी.ए. किती आणि बी.एड. किती?

एनसीटीईच्या आराखड्यात एकूण १६० श्रेयांक (क्रेडिट) आहेत. त्यांतले ६४ तुमच्या विषयाचे, ३० शिक्षणाच्या पायाभूत अभ्यासाचे (बालमानस, समाज आणि शिक्षण, मूल्यमापन वगैरे), १६ त्या स्तरावर विषय शिकवण्याच्या पद्धतींचे, २८ भाषा, कला, योग, तंत्रज्ञान अशा क्षमतांचे, २० शाळेतल्या अनुभवाचे आणि २ समाजसेवेचे.

म्हणजे विषयाचा वाटा ४० टक्के. नुसतं बी.ए. करणाऱ्या मुलाच्या मानाने तुमच्या वाट्याला विषयाचे तास कमी येतात, हे मान्य करूनच पुढे जायला हवं. ही उणीव वाचनालयात बसूनच भरून निघते. पहिल्या वर्षापासून दर सत्रात विषयातली दोन-तीन मोठी पुस्तकं नोट्स काढत वाचायची सवय लावा. इतिहासवाल्यांनी एखादा मूळ साधनग्रंथ, भूगोलवाल्यांनी आपल्या तालुक्याचा स्थलदर्शक नकाशा, भाषावाल्यांनी एक अख्खा कवी.

८. सराव पाठ आणि आंतरवासिता (इंटर्नशिप) यांत नक्की काय करायचं असतं?

सुरुवात सूक्ष्म अध्यापनाने होते. समोर खरी शाळकरी मुलं नसतात, तुमचेच पाच-सात वर्गमित्र विद्यार्थी होऊन बसतात. एका वेळी एकच कौशल्य घ्यायचं: प्रश्न विचारणं, फळालेखन, उदाहरण देणं किंवा प्रबलन (चांगल्या उत्तराला दाद देणं). सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं प्रत्याभरण (फीडबॅक) ऐकायचं, बारा मिनिटांत पाठ नव्याने बांधायचा, पुन्हा सहा मिनिटं शिकवायचं आणि शेवटची सहा मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. छत्तीस मिनिटांचं हे चक्र मुलांना सुरुवातीला नाटकी वाटतं. पण "समजलं का?" हा प्रश्न आपण सहा मिनिटांत नऊ वेळा विचारला, हे मैत्रिणीने निरीक्षणाच्या कागदावर मोजून दाखवल्याशिवाय कळत नाही.

मग पाठ टाचण, म्हणजे तासाचा लेखी आराखडा. डावीकडे अध्यापनाचे मुद्दे, मध्ये शिक्षक काय करणार, शेजारी विद्यार्थी काय करणार, शेवटी मूल्यमापन. टाचण इंटरनेटवरून उतरवून काढण्याचा मोह सगळ्यांना होतो. करू नका. उतरवलेल्या टाचणात "विद्यार्थी उत्तर देतील" असं लिहिलेलं असतं आणि वर्गात कुणीच उत्तर देत नाही, तेव्हा पुढे काय करायचं ते तुम्हाला सुचत नाही. स्वतः लिहिताना एक साधी शिस्त पाळा: प्रत्येक प्रश्नाखाली मुलं देतील अशी दोन चुकीची उत्तरं लिहून ठेवा आणि त्या प्रत्येकापुढे तुम्ही काय विचाराल तेही. पाठाचा जीव तिथेच असतो.

आंतरवासितेत तुम्ही शाळेत सलग राहता: परिपाठ, तास, दुसऱ्यांच्या तासांचं निरीक्षण, घटक चाचणी, तिचा संविधान तक्ता (कोणत्या घटकाला किती गुण याचा आराखडा), पेपर तपासणं, पालकसभा. मार्गदर्शक शिक्षक मिळणं हा थोडाफार नशिबाचा भाग आहे. काही शाळा आंतरवासीयांना गैरहजर शिक्षकांच्या तासांवर पाठवून मोकळ्या होतात. तसं होत असेल तर महाविद्यालयातल्या प्राध्यापकांना पहिल्याच आठवड्यात सांगा, शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका. आणि काय काय केलं त्याची तारीखवार नोंद स्वतःजवळ ठेवा. ती पुढे कुठे लागते ते प्रश्न २० मध्ये आहे.

९. महाविद्यालयाची मान्यता कशी तपासायची? जुनं बी.ए.-बी.एड. आणि आयटीईपी वेगळं आहे का?

वेगळं आहे. २०१४ च्या एनसीटीई नियमांखाली सुरू झालेला चार वर्षांचा बी.ए.-बी.एड. आधीपासून होता. तो चालवणाऱ्या महाविद्यालयांना एनसीटीईने आयटीईपीकडे वळायला सांगितलं आहे. ज्यांनी मान्यता असताना रीतसर प्रवेश घेऊन तो पूर्ण केला त्यांची पदवी वैध आहे, त्यांनी काळजी करू नये.

नव्याने प्रवेश घेणाऱ्याने मात्र तीन कागद पाहावेत: एनसीटीईचं मान्यतापत्र, विद्यापीठाचं संलग्नीकरण आणि चालू वर्षाचं प्रवेशक्षमतेचं पत्र. मान्यतापत्रावर अभ्यासक्रमाचं पूर्ण नाव, स्तर (माध्यमिक की दुसरा) आणि तुकड्या लिहिलेल्या असतात. "प्रस्ताव पाठवलाय, मान्यता येईलच" असं सांगणाऱ्या ठिकाणी पैसे भरू नका, कितीही गोड बोलले तरी. एनसीटीईच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची राज्यवार यादी असते.

१०. शुल्क झेपेल का? शिष्यवृत्ती मिळते का?

शासकीय आणि केंद्रीय संस्थांत शुल्क खासगीच्या मानाने पुष्कळ कमी असतं. तिथे खर्च होतो तो राहण्या-जेवणाचा. महाराष्ट्रातल्या शिष्यवृत्त्या आणि शुल्कसवलतींचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचे. २०२४-२५ पासून वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. संस्था स्तरावर किंवा व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत लागत नाही. तुमचा अभ्यासक्रम पोर्टलच्या यादीत आहे ना, हे प्रवेश घेण्याआधी कार्यालयातून पाहून घ्या.

११. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मधूनच आयटीईपीत येता येईल का?

नाही. प्रवेश पहिल्या वर्षालाच होतो. तुम्ही बी.ए. पूर्ण करा आणि दोन वर्षांचं बी.एड. करा. एनसीटीईच्या नियमांत ते आहेच आणि नोकरीसाठी दोन्ही वाटा सारख्याच ग्राह्य आहेत. चार वर्षांची ऑनर्स पदवी किंवा एम.ए. झालेल्यांसाठी एका वर्षाच्या बी.एड.ची तरतूद २०२० च्या धोरणात आहे. बी.ए.ची दोन वर्षं सोडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणं मला पटत नाही.

१२. नोकरी सांभाळून किंवा दूरस्थ पद्धतीने करता येतं का?

आयटीईपी पूर्णवेळ, प्रत्यक्ष वर्गात बसूनच करायचा आहे. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं किंवा इग्नूचं दूरस्थ बी.एड. सगळ्यांना माहीत असतं, पण ते डी.एड.सारखं शिक्षक प्रशिक्षण आधीच झालेल्यांसाठी आहे. बारावी झालेल्या मुलाला "घरबसल्या बी.एड." देतो म्हणणाऱ्यापासून दूर राहा.

१३. मध्येच खंड पडला तर?

लग्न, आजारपण, घरची अडचण, काहीही होऊ शकतं. प्रवेशापासून जास्तीत जास्त सहा वर्षांत अभ्यासक्रम पूर्ण करता येतो. तीन वर्षांनी सोडलं तर बी.एड. मिळत नाही, हे लक्षात ठेवा. अडचण आली की विभागप्रमुखांना लेखी कळवा आणि पोच घ्या.

१४. पदवी झाल्यावर टीईटी लागते का? आणि ती टेट काय असते?

दोन वेगळ्या परीक्षा आहेत. टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा, पहिली ते आठवीला शिकवण्यासाठी. २०१० च्या एनसीटीई अधिसूचनेपासून ती बंधनकारक आहे. सहावी ते आठवीसाठी तुम्ही पेपर दोन द्यायचा: १५० गुण, खुल्या प्रवर्गाला ९० हवेत. सामाजिक शास्त्र घेणाऱ्यांना त्यातले ६० गुण त्या विषयाचे असतात. राज्याची टीईटी महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते, केंद्राची सीटीईटी सीबीएसई घेते. एकदा उत्तीर्ण झालात की प्रमाणपत्र आजन्म चालतं.

टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. ती २०० गुणांची आहे आणि राज्याच्या शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरची निवड तिच्या गुणांवर होते. २०१७, २०२३ आणि २०२५ अशी ती झाली आहे, म्हणजे दर वर्षी होत नाही. निघाली की द्यायचीच.

फक्त नववी-दहावीला शिकवायचं तर एनसीटीईच्या नियमांत टीईटीची अट नाही. तरीही टीईटी करून ठेवा. आपल्याकडची बहुतेक हायस्कूल पाचवीपासून दहावीपर्यंत असतात आणि मुख्याध्यापक वेळापत्रक लावताना तुम्हाला सातवीचेही तास देणारच. सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी लागू आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिला. सेवेची पाच वर्षांहून कमी उरलेल्यांना त्यात सवलत आहे, बाकीच्यांना दोन वर्षांची मुदत. नोकरी लागल्यावर संसार सांभाळत ही परीक्षा देणाऱ्यांची ओढाताण पाहिली की वाटतं, कॉलेजात असतानाच मोकळं व्हावं.

१५. या पदवीवर पहिली ते पाचवीला शिकवता येईल का?

नाही. बी.एड. प्राथमिक वर्गांसाठी पात्रता धरता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये स्पष्ट केलं. लहान मुलांमध्येच रमत असाल तर डी.एल.एड. (पूर्वीचं डी.एड.) किंवा आयटीईपीचाच त्या स्तराचा पर्याय पाहा.

१६. अकरावी-बारावीला शिकवायचं आहे. एम.ए. लागेल का? बी.एड.बरोबरच करता येईल का?

लागेल. उच्च माध्यमिकसाठी त्या विषयाची पदव्युत्तर पदवी, किमान ५० टक्क्यांनी, आणि बी.एड. असं दोन्ही हवं.

बी.ए.-बी.एड. चालू असताना एम.ए. करता येत नाही, कारण एम.ए.ला आधी पदवी लागते. दोन वर्षांचं बी.एड. करणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. एप्रिल २०२२ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करायला परवानगी दिली आहे, पण वर्गांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. बी.एड.ला २०१४ च्या निकषांप्रमाणे ८० टक्के हजेरी आणि आंतरवासितेला ९० टक्के लागते. एम.ए. बाहेरून किंवा दूरस्थ असेल तरच हे जमतं.

१७. नोकरी कशी मिळते आणि सुरुवातीला हातात किती येतात?

अनुदानित शाळांमधली पदं संचमान्यतेनुसार, म्हणजे पटसंख्येवरून मंजूर होणाऱ्या पदसंख्येनुसार, ठरतात आणि पवित्र पोर्टलवरून भरली जातात. पोर्टलवर मुलाखतीशिवाय आणि मुलाखतीसह असे दोन प्रकार आहेत. दुसरा खासगी संस्थांसाठी. निवड झाल्यावर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढायची असतात. २०२३ पासून हे मानधन माध्यमिकला महिना १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये आहे. त्याआधी ते ८,००० आणि ९,००० होतं. तीन वर्षांनंतर नियमित वेतनश्रेणी मिळते.

भरती वेळेवर होत नाही, हे मुलांपासून लपवून ठेवू नये. मधल्या काळात स्वयंअर्थसहाय्यित शाळा थेट नेमणूक करतात. पगार शाळेगणिक बदलतो, काही ठिकाणी लाज वाटावी इतका कमी असतो. नेमणूकपत्र लेखी घ्या, पगार बँकेतच घ्या आणि अनुभवाचा दाखला वेळच्या वेळी मागा. शिक्षकांना इतकी वर्षं इतक्या थोड्या पैशांत राबवणं चूक आहे आणि ते बदलायलाच हवं.

१८. मला चित्रकला शिक्षक व्हायचं आहे. हे बी.ए.-बी.एड. चालेल का?

त्यासाठी वाट वेगळी. महाराष्ट्रात शाळेतल्या चित्रकला शिक्षकासाठी कला संचालनालयाच्या अखत्यारीतली कलाशिक्षक पदविका, म्हणजे ए.टी.डी., पाहा. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा शाळेतच देऊन ठेवा.

१९. उद्या शिक्षक व्हायचं नाही असं ठरलं तर पदवी वाया जाईल का?

नाही. ती पूर्ण पदवी आहे. एमपीएससी, यूपीएससी, बँक, पदवीधरांसाठीच्या सगळ्या परीक्षा देता येतात. मुख्य विषयात एम.ए. आणि पुढे नेट-सेट करता येते, ५० टक्के असतील तर एम.एड.लाही जाता येतं.

२०. ही पदवी परदेशात चालते का? बहीण मेलबर्नला आहे.

प्रत्येक देशाचे नियम वेगळे. ऑस्ट्रेलियापुरतं सांगायचं तर कामाच्या व्हिसासाठी शिक्षकांची पात्रता एआयटीएसएल ही संस्था तपासते. एकूण किमान चार वर्षांचं पूर्णवेळ उच्च शिक्षण, त्यात किमान एक वर्षाचं शिक्षक प्रशिक्षण आणि मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली किमान ४५ दिवस शाळेत शिकवलेलं असावं लागतं. आयईएलटीएस अकॅडेमिक या इंग्रजीच्या परीक्षेत वाचन आणि लेखनाला ७, बोलणं आणि ऐकणं यांना ८ लागतात. त्यानंतर शिकवायचं त्या राज्यात शिक्षक म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते.

चार वर्षांची पदवी इथे उपयोगी पडते. मुलं अडकतात ती ४५ दिवसांच्या पुराव्यापाशी. कोणत्या शाळेत, कोणत्या वर्गाला, किती दिवस शिकवलं याचं महाविद्यालयाच्या शिक्क्याचं पत्र पदवी घेतानाच मागून घ्या. पाच वर्षांनी प्राचार्य बदललेले असतात आणि दप्तर सापडत नाही.

२१. बी.ए.-बी.एड. इतिहासात केलं, नंतर एम.ए. मराठीत. आता मी कोणत्या विषयाची शिक्षिका?

दोन्हींची, पण वेगवेगळ्या वर्गांना. अकरावी-बारावीला पदव्युत्तर विषय पाहतात, म्हणून तिथे मराठी. नववी-दहावीला पदवीचा विषय पाहतात, म्हणून तिथे इतिहास. पवित्र पोर्टलवर पदाच्या पुढे विषय लिहिलेला असतो. अर्ज करताना त्या पदाला पदवीचा विषय चालतो की पदव्युत्तरचा, हे जाहिरातीत वाचून मगच पसंतीक्रम भरा.

अजून पदवी चालू असेल आणि पुढे मराठीकडे वळायचं मनात असेल, तर दुय्यम विषय म्हणून मराठी आत्ताच घ्या आणि शेवटच्या सत्रापर्यंत टिकवा. प्रत्येक सत्राची गुणपत्रिका विषयांच्या पूर्ण नावांसकट जपून ठेवा. कागदपत्र पडताळणीत नुसतं "भाषा-२" असं छापलेलं निघालं की विद्यापीठाकडून अभ्यासक्रमाचा दाखला आणावा लागतो, आणि पडताळणीला मुदत थोडी असते.